टॅक्सच्या आधीची बाटली

उम्म अल कुवैन,
३ नोव्हेंबर

अम्मींना फिझाचा सलाम, वि. वि.

आम्ही इथे सगळे ठीक आहोत असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिते. इनायाला आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो, नर्सरीतून घेऊन येते. बाकी मजेत आहे. साडेतीन वर्षांची नाही वाटत, बोलते तर एखाद्या मॅडमसारखी. मी मराठीत विचारते जेवलीस का, ती बोलते फिनिश्ड मम्मा. तुम्ही फोनवर तिला काय काय विचारता आणि ती येस दादी, नो दादी करते, तेव्हा मला हसू येतं आणि वाईट पण वाटतं.

तुम्ही बोलाल फोन असताना ही पत्र कशाला लिहिते. अम्मी, फोन स्पीकरवर असतो आणि इनायाचे अब्बा बाजूला बसलेले असतात. माझा मोबाइल पण तेच बघतात. जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. अलीमियाँ चाचांच्या शिवणाच्या दुकानात गावाला जाणारं कुणी ना कुणी असतंच, तिथे हे पत्र देते. मी सहावी शिकलेली, चुका समजून घ्या.

तुमच्या नोमानने सिगारेट सोडली म्हणून तुम्ही मागच्या वर्षी पेढे वाटले. त्याच्याबदली त्यांनी व्हेप घेतलं हे तुम्हाला माहीत आहे की नाही कळत नाही. पेनासारखी मशीन असते, आत गोड वासाचं लिक्विड भरायचं, बटण दाबून ओढायचं. दुकानातलं लिक्विड महाग, म्हणून हे घरीच बनवायला लागले. आधी फक्त स्वतःपुरतं. ग्लिसरीन घ्यायचं, आंब्याचा नाहीतर कलिंगडाचा फ्लेवर घालायचा आणि वरून निकोटिन. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणलाय, बिनसुईच्या सिरिंज आणल्यात. ग्लिसरीन आणि फ्लेवरची मला भीती नाही, ते केकमध्ये पण घालतात. ते निकोटीन पाण्यासारखं दिसतं. बाटलीवर कवटीचं चित्र आहे. एकदा दोन थेंब यांच्या मनगटावर पडले, अर्धा दिवस उलट्या काढल्या, भिंत धरून चालत होते. मोठ्या माणसाची ही गत.

आता ऐका काय झालंय. लिक्विडवर नवीन टॅक्स येणार अशी बातमी आहे. चाळीस दिरमची बाटली ऐंशीची होईल म्हणतात. चाळीस म्हणजे आपले हजार रुपये धरा, ते दोन हजार होणार, एका बाटलीचे. हमरिया फ्री झोनमध्ये यांच्या गोदामात सगळे व्हेपवाले. ते आता यांच्या मागे लागलेत, नोमानभाई तुम्हीच बनवून द्या. घरी बनवणाऱ्यांना टॅक्स लागणार की नाही ते कुणालाच माहीत नाही. कुणी बोलतं फक्त तयार मालाला लागेल. कुणी बोलतं निकोटनच्या बाटलीला पण लागेल. कुणी बोलतं घरी बनवणं हाच गुन्हा धरतील. हे रोज नवीन ऐकून येतात आणि शेवटी एकच बोलतात, टॅक्सच्या आधी माल भरून ठेवायचा. आधी छोटी बाटली असायची, परवा लिटरची आणली. कुणाकडून ते सांगत नाहीत.

आम्ही शेअरिंगमध्ये राहतो. दुसऱ्या खोलीत छाया आणि तिचा नवरा मिथुन. किचन दोघांत एक, म्हणून हे सगळं आमच्याच खोलीत चालतं, इस्त्रीच्या टेबलावर. इनाया टेबलाला धरून उभी राहते आणि आंब्याच्या वासाने ज्यूस मागते. अम्मी, ती ज्यूस मागते आणि मी तिला उचलून किचनमध्ये नेते. मी बोलले तर हे बोलतात तुला काय कळतं, मी ग्लोव्हज घालतो ना.

तुमचं ऐकतील. तुम्ही तुमच्या मनाने बोलल्यासारखं बोला, माझं नाव घेऊ नका. एवढं करा.

गुडघ्याला तेल लावता ना? दुवा करत राहा आणि या सुनेवर जीव आहे तसाच ठेवा.

तुमची
फिझा

⁂

बाणकोट,
१३ नोव्हेंबर

लाडक्या फिझास जहांआराचा सलाम आणि इनायाला पापे, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. निकोटिन तीन जागी लिहिलंस आणि तिन्ही जागी वेगळं लिहिलंस. मी चौथी शिकलेली, तू सहावी, त्यामुळे मी काही बोलत नाही.

वाचून माझा चष्माच घामाने धुरकटला. माझ्या पोटचा पोरगा घरात विष ढवळतो आणि मी इथे पेढे वाटते! मी त्याच दिवशी फोन केला. तू बाजूला होतीस की नाही माहीत नाही. तुझं नाव घेतलं नाही. बोलले मला वाईट स्वप्न पडलं, तुझ्या घरात कवटी दिसली. मग मी सोडला नाही त्याला. बोलले तुझ्या बापाने पंचवीस वर्षं सौदीला उन्हात सळ्या वाकवल्या, पण घरात असलं काही आणलं नाही. घरातून ती बाटली गेली नाही तर मी तुझं तोंड बघणार नाही. शेवटी बोलला खलास अम्मी, उद्या टाकून देतो, इनायाची कसम. लेकीची कसम खाल्ली म्हणजे तो टाकणार. लहानपणी कुल्फी चोरून खायचा पण कसम खाल्ली की खरं बोलायचा.

आता पोरीच्या तापाचं. तिथल्या एसीने होतं ते. डॉक्टरकडे जा, पण एक माझं ऐक. आपण बसने उमऱ्याला गेलो तेव्हा मी मक्केला माझ्या हाताने जमजमच्या पवित्र पाण्याच्या दोन बाटल्या भरून तुमच्याकडे ठेवल्या होत्या. नोमान त्यांना कुणाला हात लावू देत नाही, कपाटावर ठेवून बसलाय. त्याला सांग अम्मीने सांगितलंय. तो ड्युटीवर असला तर विचारत बसू नकोस, तूच काढ. काबाशरीफकडे तोंड करून बिस्मिल्ला बोल आणि चमचाभर पाज. नोमानला गोवर झाला होता तेव्हा माझ्या सासूने असंच पाजलं होतं.

तेल लावते गुडघ्याला, पण गुडघा ऐकत नाही, तुझ्या नवऱ्यासारखाच आहे. भिऊ नकोस, इन्शाल्ला सगळं मिटलं समज. माया कमी व्हायची नाही, तू फक्त पत्र लिहायला आळस करू नकोस.

तुझी सासू कमी आणि अम्मी जास्त,
जहांआरा

⁂

उम्म अल कुवैन,
३० नोव्हेंबर

अम्मींना सलाम, वि. वि.

छायाने फोनवर सांगितलं तेवढंच तुम्हाला कळलंय. इनायाने काहीतरी प्यायलं, हॉस्पिटलमध्ये आहे, नोमान पोलिसांकडे आहे. तुम्ही दहा वेळा फोन केला, मी उचलला नाही. तुमचा आवाज ऐकायची माझी ताकद नाही. सगळं लिहिते. लिहिताना हात थांबला तर मी परत सुरू करणार आहे, पण सगळं लिहिणार आहे.

इनाया जिवंत आहे. हे आधी वाचा. मशीनवर होती, आता मशीन काढलीय. डोळे उघडते.

मंगळवारी नर्सरीवाल्यांनी फोन केला, ताप आहे घेऊन जा. आणली. दुपारची वेळ, तुमचा नोमान ड्युटीवर. अंग तापलेलं होतं. ताप उतरायचं औषध दिलं, नंतर तुमचं पत्र आठवलं. खुर्चीवर चढून कपाटावरची जमजमची बाटली काढली. दोनच होत्या, मी पुढची घेतली. काबाशरीफकडे तोंड केलं, बिस्मिल्ला बोलले, चमचा भरला आणि पाजला. तिने तोंड वाकडं केलं, बोलली इट्स स्पायसी मम्मा. मला वाटलं तापाने तोंड कडू झालं असेल. अर्धं तिने थुंकलं. मला वाटलं जमजम असं सांडून चालत नाही, म्हणून अम्मी, मी दुसरा चमचा भरला. तिचं नाक धरलं आणि पाजला.

चमच्याला लागलेलं मी स्वतः चाटलं, वाया जाऊ नये म्हणून. जिभेला मिरची लावल्यासारखी आग झाली. डोकं फिरलं. तेव्हा मला कळलं.

तिला लगेच उलटी झाली, त्या उलटीनेच वाचली असं डॉक्टर बोलली. मग तोंडातून लाळ, फेस, हातपाय उडायला लागले. मी काय ओरडले मला आठवत नाही. छाया घरी होती, तिची सुट्टी होती सलूनला. तिने अँब्युलन्स बोलावली. मी यांना फोन लावला. विचारलं बाटलीत काय आहे. हे आधी बोलले कुठल्या बाटलीत. मग मला रडायला आलेलं ऐकून सगळं ओकले.

तुम्ही फोनवर ओरडलात, यांनी कसम खाल्ली, आणि टाकून द्यायचं यांच्या जिवावर आलं. टॅक्स लागल्यावर असा माल परत मिळणार नाही, म्हणून टाकलं नाही, लपवलं. कवटीवाली बाटली मी रोज शोधणार हे यांना माहीत होतं. मग जमजमच्या दोन्ही बाटल्या अर्ध्या झालेल्या, त्या यांनी एका बाटलीत एक केल्या. एक बाटली रिकामी झाली, त्यात ते भरलं. जमजमला यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही, म्हणून हीच सगळ्यात सेफ जागा आहे असा यांनी विचार केला. मला फोनवर बोलले मी जमजम सांडलं नाही फिझा, एक थेंब सांडला नाही. या माणसाला तेव्हा पण तेच सुचलं.

पुढचं वाचून तुम्ही मला काय बोलाल ते बोला.

अँब्युलन्समध्ये असताना यांचा परत फोन आला. बोलले डॉक्टरला सांग फरशी पुसायचं लिक्विड प्यायली, किचनमधलं, चुकून. नाहीतर मला आत टाकतील, व्हिसा जाईल, आपण सगळे रस्त्यावर येऊ. मी हो बोलले. खरंच हो बोलले अम्मी. आत गेल्यावर डॉक्टर बाई, मल्याळी होती, हिंदीत विचारायला लागली, काय प्यायली. मी बोलले फरशीचं पाणी. तिने नर्सला काहीतरी सांगितलं, मग माझ्याकडे वळून बोलली फरशीच्या पाण्याने असं होत नाही. खोटं सांगाल तर मी चुकीचं औषध देईन. इनायाचा श्वास तेव्हा मधेच थांबत होता. छाती वर यायची, मग नाही यायची. मी ती छाती बघत होते.

मी बोलले निकोटिन. कुणाचं विचारलं, मी बोलले माझ्या नवऱ्याचं. घरी लिक्विड बनवतो, विकतो. कुठल्या बाटलीत ठेवलं होतं ते पण सांगितलं. मग त्यांनी धावाधाव केली, नळी घातली, आणि मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. हॉस्पिटलला कळवावंच लागतं. चांगले वागले, पाणी दिलं, हिंदी बोलणारा होता. मी जे डॉक्टरला सांगितलं तेच परत सांगितलं. खाली सही केली. हमरियाच्या गेटवरूनच यांना घेऊन गेले. खोलीतून काटा, सिरिंज, बाटल्या सगळं नेलं. जमजमची खरी बाटली पण नेली, ती पण तपासणार.

माझं चुकलं असेल तर तुमच्या मुलाच्या बाबतीत चुकलं. तुम्ही मला त्याच्या हवाली केलं होतं आणि मी त्याला पोलिसांच्या हवाली केलं. चाचांकडे हे पत्र देते आणि परत वॉर्डात जाते. तुम्ही उत्तर दिलं नाही तरी मी समजेन.

दुवा कुणासाठी करा ते मी सांगत नाही. माया ठेवा असं लिहायला आज माझी हिंमत नाही.

फिझा

⁂

बाणकोट,
९ डिसेंबर

फिझास जहांआराचा सलाम.

तुझं पत्र साजिदाने आणून दिलं, तेव्हा मी तांदळाची भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर जळली. साजिदाच माझ्याकडे राहिली दोन दिवस, माझी भाची म्हणून नाही, मला एकटीला सोडायची तिला भीती वाटली.

खरं लिहिते. मला तुझा राग आला. बाटलीत काय आहे ते सांगितलंस ते ठीक केलंस, ते सांगायलाच पाहिजे होतं. पण कुणाचं ते का सांगितलंस? माहीत नाही बोलायचं. कुणी ठेवायला दिलं होतं बोलायचं. तो तुझा नवरा आहे. मी साजिदाला बोलले, उत्तर लिहिणार नाही, तिचं नाव माझ्यासमोर काढू नको.

दुसऱ्या दिवशी साजिदा मला पत्र परत वाचून दाखवायला लागली. मी नको नको बोलत होते, ती ऐकेना. तुझी नक्कल करत वाचत होती ती मेली, तुझ्यासारखी मान हलवत. नाक धरून पाजला तिथे आली आणि तिने पत्र माझ्या हातात दिलं.

फिझा, चमच्याचं मी लिहिलं होतं. नोमानला विचारत बसू नकोस, तूच काढ, हे पण मीच लिहिलं. मी त्याच्यावर ओरडले म्हणून तो लपवायला लागला, नाहीतर कवटीची बाटली कवटीच्या बाटलीतच राहिली असती. तू मला सांगितलंस, मी त्याला दम दिला, त्याने लपवलं, मी तुला चमचा सांगितला. त्यात तू एकटीने काय केलंस? तू पोरीला वाचवलंस. तिचा बाप फरशीचं पाणी बोलत होता. तो माझाच मुलगा आहे, आणि मी त्याला असं बोलायला शिकवलं नव्हतं.

आता मी सांगते ते कर. हे पत्र पोलिसांना नेऊन दे. मराठी वाचणारा कुणीतरी मिळेल तिथे. पोलीससाहेब, पोरीला चमचा पाजायला मी जहांआराने सांगितलं. माझ्या सुनेला माहीत नव्हतं. माझ्या मुलाने मूर्खपणा केला, पण मुलीला मारायला नाही केला. विचारायचं ते मला विचारा, मी बाणकोटला असते, कुठे पळून जात नाही. खाली सही केली आहे. सही थरथरलीय म्हणून बाजूला अंगठा पण लावलाय.

राग अजून थोडा आहे. तो राहू दे, तू त्याच्याकडे बघू नकोस. पोरीकडे बघ.

जहांआरा

⁂

उम्म अल कुवैन,
२२ डिसेंबर

अम्मींना फिझाचा सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. मी ते पोलिसांकडे नेलं. हिंदीवाला साहेबच भेटला, मी त्याला वाचून दाखवलं, तो ऐकत राहिला. अंगठा बघून विचारलं हे कोण. मी बोलले माझी सासू. तो बोलला दादींना सांगा, त्यांच्यावर केस नाही. पण पत्र परत दिलं नाही, फाइलमध्ये लावलं. का लावलं मला कळलं नाही.

नोमानला दहा मिनिटं भेटू दिलं, मध्ये काच. दाढी वाढलीय, बारीक झालेत. माझ्याकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघून विचारलं जेवते का. मी हो बोलले. जाताना काचेला हात लावला, तो माझ्यासाठी की इनायासाठी मला माहीत नाही. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते कुणी सांगत नाही. जेल होईल, की घरी पाठवतील, की दोन्ही. आमचा व्हिसा त्यांच्यावरच आहे. छाया बोलते तोवर इथेच राहा, किचनचं मी बघते. मिथुनने रास अल खैमाच्या एका वकिलाचा नंबर आणून दिलाय.

यांचा फोन पोलिसांकडे आहे म्हणून ते गोदामवाले माझ्या फोनवर फोन करतात. एकाला बोलले नोमान नाही. तो बोलला भाभी, टॅक्सच्या आधीचा माल शिल्लक आहे का बघा ना, ऐंशी कोण देणार. मी फोन बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. टॅक्स लागला की नाही मला अजून माहीत नाही. विचारत पण नाही.

इनाया घरी आलीय. चालते, बोलते, कार्टून बघते. काचेपलीकडून यांनी जेवते का विचारलं तेव्हा हो बोलले, ते खोटं होतं. ती माझ्या हातून काही घेत नाही. घास पुढे केला की तोंड फिरवते. छायाने दिलं तर खाते, मिथुनने दिलं तर खाते. मी दिलेलं औषध तर नाहीच, पाणी पण नाही. दोन्ही हात नाकावर धरून बसते. डॉक्टर बोलली वेळ लागेल, जबरदस्ती करू नका. मी कशाला जबरदस्ती करू अम्मी.

काल दुपारी छाया सलूनला गेली होती. घरात आम्ही दोघीच. तिला तहान लागली, मला दिसत होतं, ओठ चाटत होती, पण मागत नव्हती. मी ग्लास भरून तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि लांब भिंतीला टेकून बसले. ती ग्लासकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग बोलली, मम्मा फर्स्ट.

मी सरकत गेले, एक घोट प्यायले, ग्लास परत ठेवला. ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत होती, मला काही होतंय का. बराच वेळ बघितलं. मग तिने ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि सगळं पाणी प्यायली.

आज सकाळी दूध पण असंच. उपमा पण असाच. आधी मी खाते, ती बघते, मग ती खाते. तुम्ही आलात की तुम्हाला पण आधी खायला लावेल, वाईट वाटून घेऊ नका.

जमलं तर या अम्मी. राग घेऊन आलात तरी चालेल.

तुमची
फिझा